बाहेरची इग्निशन कॉइल, पावसाळाभर वापरून

मे महिन्यात लिहायला बसलो असतो तर प्लगला स्पार्क देणाऱ्या, कंपनीच्या नसलेल्या या कॉइलला नावंच ठेवली असती. आता अख्खा पावसाळा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर निघाला. कॉइलबद्दल तक्रार थोडी उरली आहे, तिच्या खोक्याबद्दल मात्र पूर्वीइतकीच आहे.

बाईक जुनी, कार्ब्युरेटरवाली, टीसीआय इग्निशनची, म्हणजे ट्रान्झिस्टरनं स्पार्क पाडणारी. सकाळी एका सेल्फला चालू. गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये तापली की मिसिंग आणि मग बंद. थंड झाली की परत ठणठणीत. कार्ब्युरेटर साफ झाला, प्लग बदलला, फरक शून्य. तापल्यावर जाणारा आणि थंड झाल्यावर येणारा स्पार्क असेल तर कॉइलवर लवकर संशय घ्यावा. आतल्या वायंडिंगचं, म्हणजे तारेच्या वेढ्यांचं, इन्सुलेशन उष्णतेनं दगा देतं आणि थंड कॉइलला मीटर लावलं की आकडे बरोबर येतात, म्हणून दोष लपून राहतो.

कंपनीची कॉइल ऑर्डरवर येणार, तीही दुपटीहून महाग. एवढे पैसे घालायची माझी तयारी नव्हती. वागळे इस्टेटकडच्या एका स्पेअरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलानं एक कॉइल पुढे केली. "सेम आहे काका, बोल्टची भोकं बघा." भोकं जुळत होती. मीटर लावला तर प्रायमरी, म्हणजे करंट घेणारी वायंडिंग, जेमतेम अर्धा ओहम! माझ्या जुन्या कॉइलची चारच्या आसपास.

"एवढं कोणी बघत नाही," तो म्हणाला. बघायलाच हवं. सीडीआय या दुसऱ्या प्रकारच्या इग्निशनमध्ये कॅपॅसिटर आधी दोन-तीनशे व्होल्टला चार्ज होतो आणि तो झटका कॉइलमध्ये सोडला जातो, म्हणून तिथे कमी ओहमची प्रायमरी चालते. टीसीआयमध्ये बॅटरीचा करंट सरळ कॉइलमधून वाहतो आणि इग्निशन युनिटमधला ट्रान्झिस्टर तो तोडतो तेव्हा स्पार्क पडतो. चार ओहमला हा करंट साडेतीन अँपियरच्या आतबाहेर थांबतो. अर्ध्या ओहमला त्याला आवरायला कोणी नाही, ट्रान्झिस्टर जळू शकतो. कॉइलमध्ये वाचवलेले पैसे युनिट दामदुपटीनं वसूल करेल.

आणि हा एक आकडा खोक्यावर नाही. गाड्यांची नावं आहेत, एमआरपी आहे, चकचकीत होलोग्राम आहे. ओहम नाही. मी तिथली आणखी खोकी उलटसुलट करून पाहिली, एकावरही नाही. होलोग्राम छापायला जागा मिळते, मग '४ ओहम, टीसीआय' एवढं छापायला का मिळत नाही? गिऱ्हाइकानं दुकानात मीटर घेऊन जायचं का? सध्या तरी जायचंच. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, जो आकडा येईल तो वजा करा. इतक्या कमी ओहमला तोही फरक मोठा ठरतो. सेकंडरी, म्हणजे प्लगकडची वायंडिंग, मोजताना प्लग कॅप काढा, नाहीतर रेझिस्टरवाल्या कॅपचे पाच किलोओहम त्यात मिसळतात.

शेवटी दोन टर्मिनलची, जुनीशी जुळणाऱ्या ओहमची कॉइल घेतली. घरी आल्यावर दिसलं की हिची प्लगची वायर कॉइलमध्येच मोल्ड केलेली आहे. जुनीची वायर स्क्रूवर होती, ती वेगळी बदलता यायची. हिची वायर गेली की अख्खी कॉइल फेका. मला ते अजिबात पटलं नव्हतं.

जुलैत मत बदललं. जुन्या कॉइलला त्याच स्क्रूच्या सांध्यातून पाणी जायचं आणि माजिवड्याच्या पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ती फटफट करायची. यंदा तसल्याच पाण्यातून, धो धो पावसात, एकदाही मिसिंग नाही. तापूनही बंद पडली नाही. या किमतीत एवढी अपेक्षाच नव्हती, मनापासून खूश आहे.

वायर मात्र इंचभर आखूड आहे. टाकीखालून सरळ आणली तर कॅपवर ताण येतो आणि ती प्लगवरून हळूहळू वर सरकते. टाकी काढून वायर फ्रेमच्या आतल्या बाजूनं घेतली, तेव्हा कुठे कॅप घट्ट बसली. बसवतानाच तशी घ्या, म्हणजे टाकी पुन्हा उतरवावी लागणार नाही.