इंटरनेट कंपनीने दिलेला मेल आयडी आणि आमचे पावणेसात लाख

घरच्या किंवा कारखान्याच्या इंटरनेट कनेक्शनबरोबर मिळालेला मेल आयडी तुम्ही अजून वापरत असाल आणि त्यावर बँक, जीएसटी, विमा, गिऱ्हाइकांची बिलं असं काहीही चालत असेल, तर कृपया वेळ काढून हे वाचा. त्याच वाटेने आमचे ६ लाख ७५ हजार रुपये गेले. चोराने आमच्या बँक खात्याला हात लावला नाही, ओटीपी मागितला नाही, फोनही केला नाही. तो आमच्या मेलबॉक्समध्ये बसून राहिला, एवढंच त्याला पुरलं.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून आम्ही पुण्याजवळच्या चाकणच्या पार्ट्यांना, म्हणजे आमच्या गिऱ्हाईक कंपन्यांना, माल पाठवतो. हा व्याप माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, उभा केला. आता शॉप नवरा बघतो, खरेदी आणि डिस्पॅच दीर बघतात, आणि बिलं, बँक, जीएसटी माझ्याकडे. अण्णांनी ब्रॉडबँड घेतलं तेव्हा इंटरनेट कंपनीने सोबत मेल आयडी दिला. आधी आमच्या शॉपचं नाव, पुढे त्या कंपनीचं. तोच लेटरहेडवर छापला, तोच चलनावर, तोच बँकेत आणि जीएसटी नोंदणीत दिला.

त्या पिढीला यात वावगं वाटायचं काही कारण नव्हतं. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून. तेव्हा इंटरनेट ज्याच्याकडून, मेलही त्याच्याकडूनच, असा रिवाज पडला. जीमेल आलं २००४ मध्ये आणि तोवर कितीतरी लोकांचे आयडी कागदोपत्री पक्के झाले होते. शिवाय शॉपचं नाव असलेला आयडी धंद्यात बरा दिसतो असं अण्णांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. फक्त त्या नावापुढे शेपूट दुसऱ्याचं होतं.

२०२४ च्या पावसाळ्यात इंटरनेट कंपनीने ग्राहकांना कळवलं की मेलची सेवा नव्या सर्व्हरवर हलवत आहोत. ही सूचना खरी होती. तिच्या पाठोपाठ दुसरा मेल आला. कंपनीचं तेच बोधचिन्ह, तोच निळा रंग, आणि मजकूर असा की तुमची मेलबॉक्स हलवायची राहिली आहे, ४८ तासांत लॉगिन करून खात्री करा, नाहीतर जुने मेल मिळणार नाहीत. दिरांनी लिंक उघडली आणि पासवर्ड टाकला. त्यांना मी दोष देत नाही. ज्या आठवड्यात कंपनी स्वतःच सांगते आहे की मेल हलवतोय, त्या आठवड्यात तसाच मेल आला तर कुणीही उघडेल. चोरांना अशी संधी हवीच असते, आणि कंपनीची सूचना जशी आम्हाला कळते तशी त्यांनाही कळते.

त्यानंतर बरेच दिवस काहीच घडलं नाही. मेल येत होते, जात होते. पुढे सगळं उलगडल्यावर एका ओळखीच्या मुलाने मेलबॉक्सची सेटिंग्ज उघडून दाखवली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. चोराने तिथे एक नियम लावून ठेवला होता. आमच्या मोठ्या पार्टीकडून येणारा प्रत्येक मेल, आणि ज्यात पेमेंट किंवा इन्व्हॉइस हा शब्द असेल असा प्रत्येक मेल, परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जायचा आणि आमच्या इनबॉक्समधून नाहीसा व्हायचा. बाकीचे मेल नेहमीसारखे येत राहायचे, त्यामुळे काही कमी आहे हे कळायला मार्गच नव्हता.

दुसरी गोष्ट तितकीच वाईट. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल बघायला आउटलुक हा प्रोग्रॅम होता आणि त्यात मेलची प्रत सर्व्हरवर ठेवण्याची खूण पहिल्यापासून केलेली होती. म्हणजे कैक वर्षांचा पत्रव्यवहार सर्व्हरवर पडून. पार्टीच्या परचेस ऑर्डर, आमची बिलं, लेटरहेड, पॅनची प्रत, जीएसटीचं प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, माझी सही, सगळं त्याच्या हाती आयतं लागलं. मी पार्टीच्या अकाउंट्स मॅडमना मेल कसा सुरू करते, शेवटी काय लिहिते, हेही त्याने वाचलं होतं.

मग आमच्या दोन बिलांचे पैसे यायची वेळ झाली तेव्हा त्याने आमच्याच आयडीवरून मेल पाठवला. मजकूर असा की बँकेत खात्याचं ऑडिट चालू आहे, तेवढ्यापुरतं खालील खात्यावर पेमेंट करावं, सोबत लेटरहेडवर पत्र आणि रद्द केलेला चेक जोडला आहे. चेकवर छापलेलं नाव आमच्या फर्मचं, खातं दुसऱ्याच राज्यातल्या शाखेतलं. सहीखालचा मोबाईल नंबर त्याने बदलला होता, दोनच आकडे. मॅडमना शंका आली नाही असं नाही. त्यांनी मेलवर विचारलं, हे नवीन खातं बरोबर आहे ना? तो मेलही नियमाप्रमाणे चोराकडे गेला आणि त्याने थोड्या वेळात उत्तर दिलं, हो मॅडम, बरोबर आहे.

मेलमधल्या गोष्टीची खात्री त्याच मेलवर करणं म्हणजे दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाच विचारणं की तू कोण. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. मेलखाली छापलेल्या नंबरवर नाही.

पार्टीने आरटीजीएस केला, म्हणजे बँकेतून थेट खात्यावर पैसे पाठवले. चेकवर नाव आमचं असलं तरी खातं प्रत्यक्षात कुणा तिसऱ्याच माणसाचं होतं, पण पैसे अडले नाहीत, कारण तेव्हा आरटीजीएस आणि एनईएफटीची रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा व्हायची. नाव जुळतं का हे कुणी तपासत नसे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ ला परिपत्रक काढून बँकांना सांगितलं की १ एप्रिल २०२५ पर्यंत पैसे पाठवणाऱ्याला खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय करा. आता नेट बँकिंगमध्ये नवीन खातं जोडताना हे नाव दिसतं. ते वाचा, आणि ते जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. ही सोय काही महिने आधी आली असती तर आमचे पैसे कदाचित वाचले असते.

आम्हाला कळायला उशीर झाला त्याचंही कारण आहे. लघुउद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे आणि ही पार्टी बहुधा शेवटच्या दिवसांत पैसे देते. त्यामुळे ४५ दिवस होईपर्यंत मी फोन केला नाही. केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अहो ताई, पेमेंट तर कधीच झालं की! तुमच्या नव्या खात्यावर." नवीन खातं हा शब्द ऐकूनच मला घाम फुटला.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर लगेच फोन लावला. तिथे कळलं की पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याची तक्रार लागते, यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक), तारीख आणि रकमेसह. म्हणजे पार्टीने तक्रार करायला हवी. त्यांनी ती सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर केली, आणि मेलबॉक्समध्ये घुसखोरी झाली म्हणून आम्ही इकडे स्वतंत्र तक्रार दिली. गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क आणि ६६ ड या कलमांखाली नोंदला, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं. पण पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम खात्यातच गोठवता येते, आणि आमच्या बाबतीत ते तास केव्हाच निघून गेले होते. पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे वाटले गेले होते. फार थोडी रक्कम गोठली. ती सोडवायलाही आम्हाला कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं आणि ते काम अजून चालू आहे.

सगळ्यात जास्त मनस्ताप मात्र इंटरनेट कंपनीने दिला. मी त्यांना कळवलं की मेलबॉक्स ताबडतोब बंद करा, चोर आत आहे. ते म्हणाले, कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांगा. कनेक्शन अण्णांच्या नावावर, आणि अण्णांना जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. त्यांचा मोबाईल नंबरही बंद केलेला. मग मृत्यूचा दाखला आणा, वारसाचं पत्र आणा, मुख्य ऑफिसकडून मंजुरी येईल. ही कागदपत्रं चालली होती तोवर चोर आत होता आणि आम्ही बाहेर. दीर जुन्या पासवर्डने जाऊ पाहत होते, तो त्याने एव्हाना बदललेला. त्याआधी काही दिवस आउटलुकनेही पासवर्ड मागायला सुरुवात केली होती, पण सर्व्हर हलवण्याच्या गडबडीत आम्हाला वाटलं की हे कंपनीचंच काम चालू आहे.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं की तो आयडी आमचा नव्हताच. अण्णांचाही नव्हता. तो कंपनीचा होता, कनेक्शनला लावून दिलेला. मोबाईल नंबर २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही कायम ठेवता येतो. मेल आयडीला अशी पोर्टेबिलिटी नाही. कनेक्शन सोडलं, कंपनीने धंदा बंद केला किंवा दुसऱ्याला विकला, की आयडी त्यांच्या मर्जीवर. जास्त वेगाचं फायबर दारात आलं होतं तेव्हाही आम्ही जुनी कंपनी सोडली नव्हती, ती याच आयडीपायी. महागडं आणि संथ कनेक्शन आम्ही एका मेल पत्त्यासाठी पोसत होतो. ही अडवणूक चोरीइतकी ठळक दिसत नाही, पण पैसे तिच्यातूनही जातातच, दर महिन्याला.

परदेशातल्या मराठी माणसांनीही हे ऐकावं, कारण तिकडेही असे आयडी बरेच आहेत. अमेरिकेत व्हेरिझॉनने २०१७ मध्ये घरगुती मेल सेवा बंद करून ग्राहकांना एओएलकडे पाठवलं, कॉक्सने २०२४ मध्ये याहूकडे. ब्रिटनमध्ये ऑरेंज, फ्रीसर्व्ह आणि वानाडू हे जुने आयडी ३१ मे २०१७ ला बंद झाले. न्यूझीलंडमध्ये व्होडाफोनने त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर मेल सेवा गुंडाळली. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी खऱ्या सूचनांच्या गर्दीत खोटी सूचना घुसवणं चोरांना सोपं जातं. माझी नणंद न्यू जर्सीत आहे आणि तिच्या केबल कंपनीचा आयडी तिच्या बँकेला जोडलेला होता. आमची हकिगत ऐकून तिने तो बदलला.

पार्टीशी काय झालं हेही सांगते, कारण यावर लोक बोलत नाहीत. ते म्हणाले, मेल तुमच्याच आयडीवरून आला, आम्ही पैसे दिले. आम्ही म्हणालो, आमच्या खात्यात काही आलं नाही. दोन्ही बाजू खऱ्या. वकिलांनी सांगितलं की लढता येईल, वर्षं जातील. शेवटी जुने संबंध बघून निम्मं-निम्मं सोसायचं ठरलं. त्या बिलांवरचा लाखभर रुपये जीएसटी मात्र आम्ही आधीच भरून बसलो होतो. पैसे हातात येवोत न येवोत, बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात कर भरावाच लागतो.

आता आम्ही काय केलं. शॉपच्या नावाचं स्वतःचं डोमेन, म्हणजे मेल आयडीत @ च्या पुढे येणारं नाव, घेतलं. त्याचं वार्षिक भाडं जेवणाच्या एका बिलापेक्षा जास्त नसतं. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मोबाईलवर नोंदवा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नोंदवलंत तर पुन्हा तोच प्रकार. मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, लावलं, जे जुन्या आयडीला मिळतच नव्हतं. जीएसटी पोर्टल, आयकर, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), भविष्य निर्वाह निधी, विमा, डीमॅट, बँक, सगळीकडे आयडी बदलला. बँकेसाठी शाखेत सही करून अर्ज द्यावा लागला. कुठेकुठे जुना आयडी दिला आहे ते आठवत नसेल तर जुन्या मेलबॉक्समध्ये ओटीपी, व्हेरिफाय आणि वेलकम हे शब्द शोधा, विसरलेली ठिकाणं सापडतात. जुना आयडी लगेच सोडू नका. वर्षातून एकदाच येणारी पत्रं, विम्याचे हप्ते, डोमेनचं नूतनीकरण, हे त्यावर येऊन जाईपर्यंत तो चालू ठेवा. आणि आजच सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा. तिथे तुम्ही न लावलेला नियम दिसला तर केवळ पासवर्ड बदलून भागत नाही. आधी त्याचा फोटो काढून ठेवा, मग पासवर्ड बदला, सगळी चालू लॉगिन बंद करा, आणि तो नियम काढा.

आमच्या प्रत्येक बिलावर आता खाली एक ओळ असते की आमच्या बँक खात्यातला कोणताही बदल मेलने कळवला जाणार नाही, तसा मेल आल्यास बिलावरच्या नंबरवर फोन करावा. चाकणच्या मॅडम आता दर मोठ्या पेमेंटआधी फोन करतात.

घरात कुणी गेलं की वारसनोंदीसाठी सातबारा, वीजबिल, गॅस, बँक यांची यादी आपण करतोच. त्या यादीत इंटरनेट कनेक्शन घाला. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र आणि नव्या ग्राहकाचा ओळखपत्र-पत्ता पुरावा ही कागदपत्रं आमच्याकडे मागितली. ती आधी दिली असती तर काही दिवसांत काम झालं असतं, पण चोर आत असताना त्याच कागदांना आठवडे लागले. आणि दिवंगत माणसाचा मोबाईल नंबर बंद करण्याआधी तो कुठल्या कनेक्शनला आणि कुठल्या मेलला जोडला आहे ते बघून घ्या. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमच्या घरचे ओटीपी त्याच्या हातात जातात.