घर्षण-डॅम्पर असलेल्या पात्याचे कंपन: कालक्रमी गणना की हार्मोनिक संतुलन?

टर्बाइनच्या पात्यांच्या बैठकीखालचा पाचरीच्या आकाराचा डॅम्पर केंद्रोत्सारी बलाने वर दाबला जातो आणि घासताना कंपनाची ऊर्जा उष्णतेत घालवतो. मात्र हा संपर्क कधी चिकटतो, कधी घसरतो, कधी सुटतो, त्यामुळे बल दुप्पट झाले म्हणून कंपन दुप्पट होत नाही.

कालक्रमी गणनेत गतीची समीकरणे अतिलहान कालांतरांनी सोडवतात. यंत्र वेग घेत असतानाचे क्षणिक कंपन पाहायचे तर हाच मार्ग धरावा. पण पात्याचे स्वतःचे अवमंदन (कंपन शमवण्याची क्षमता) फार कमी असल्याने स्थिर अवस्था येईपर्यंत असंख्य आवर्तने मोजावी लागतात, तीही प्रत्येक वारंवारतेसाठी नव्याने.

हार्मोनिक संतुलनात प्रतिसाद आवर्ती आहे असे धरून तो मोजक्या फूरिए पदांत, म्हणजे ठरावीक वारंवारतांच्या साइन-कोसाइन लहरींच्या बेरजेत, मांडतात आणि घर्षणबल तेवढे एका आवर्तनापुरते काळात काढून पुन्हा वारंवारतेत आणतात. डॅम्पर फार हलका असेल तर तो फारशी ऊर्जा न शोषता नुसता घसरतो आणि फार जड असेल तर चिकटूनच राहून पात्याची अनुनाद-वारंवारता (जिथे कंपन सर्वाधिक होते ती) वाढवतो. मधले योग्य वजन शोधण्यासाठी वारंवारतेनुसार कंपन दाखवणारे आलेखांमागून आलेख काढावे लागतात, आणि त्या कामाला मी निःसंशय हीच पद्धत निवडेन. संपर्क सुटू लागला की मात्र एकाच हार्मोनिकवर (एकाच वारंवारतेच्या लहरीवर) विसंबू नये, आणि निवडक बिंदू कालक्रमी गणनेने पडताळून घ्यावेत.