डाव्या पेडलच्या मापात पाप: दोन्ही बाजूंच्या पॉवर मीटरचा अनुभव

माझ्या सायकलला पॉवर मीटरवाली पेडल आहेत, म्हणजे दोन्ही पाय किती जोर लावतात ते वॉटमध्ये मोजणारी. त्यातलं वॉरंटीत बदलून मिळालेलं डावं पेडल एकदाचं हाती आलं, म्हणून आता लिहितोय. आधी बसलो असतो तर नुसत्या शिव्या उमटल्या असत्या. बॅटरी, वजन, अचूकतेचे दावे तुम्ही वाचलेलेच असतील. बॅटरी टिकते, पावसाळ्यात हिंगणा रोडच्या चिखलातही काही झालं नाही. बस.

डोकं खाल्लं ते एका आकड्याने: 46/54. एकूण जोरात डाव्या पायाचा वाटा 46 टक्के, उजव्याचा 54. दोन-तीन टक्के इकडे-तिकडे हौशी सायकलवाल्यांत सर्रास असतं, बरोब्बर 50/50 वाला विरळाच. पण माझा काटोल रोडच्या सपाटीवर 46 आणि सेमिनरी हिल्सला जोर लावला की जेमतेम 47. (आपल्या नागपुरात चढ म्हणजे तेवढाच, तोही दम लागेस्तोवर संपतो.) फिजिओकडे गेलो. पायांची लांबी सारखी, गुडघे ठीक. क्लीट (बुटाखालची, पेडलात अडकणारी पट्टी) सरकवून पाहिली, सीट खाली-वर केली. आकडा ढिम्म.

मग सर्व्हिसवाल्यांशी जुंपली. "सर, बहुतेकांचा उजवा पाय स्ट्राँगच असतो." बरं. "क्रँकची (पेडल ज्याला लागतं त्या दांडीची) लांबी सेटिंगमध्ये चेक करा." अहो, ती चुकली तर दोन्ही बाजू सारख्याच चुकतील, एकटी डावी कशी? पेडल अदलाबदल करून बघावं तर तेही जमत नाही; डाव्याचे आटे उलटे असतात.

मे महिन्यात मला उष्णतेचाही संशय आला होता. कूलरच्या खोलीतून सायकल काढायची आणि लगेच निघायचं, तर आतल्या स्ट्रेन गेजचं (जोर मोजणाऱ्या सेन्सरचं) शून्य तापमानाबरोबर हलतं. त्यामुळे सायकल जरा वेळ बाहेर उभी करून मगच झीरो ऑफसेट घ्यायला, म्हणजे मीटरचं शून्य नव्याने लावायला लागलो. नागपूरकरांनी ही सवय लावूनच घ्यावी. आकडे स्थिर झाले, पण 46 चा 46 च.

शेवटी वजन टांगून पाहायचं ठरवलं. ॲपमध्ये तशी सोय आहे, कोणी वापरत नाही. इतवारीतल्या ओळखीच्या धान्यवाल्याकडून 10 किलोचं शिक्क्याचं वजन मागून आणलं. "काहून भाऊ, आता सायकल तोलून विकता का?" म्हणाला, पण दिलं. मागचं चाक करकचून बांधलं, क्रँक आडवा धरला, झीरो घेतलं आणि वजन पेडलला लटकवलं. हिशोब सोपा आहे: 10 किलो गुणिले 9.81 गुणिले 0.1725 मीटर (क्रँकची लांबी), म्हणजे सुमारे 16.9 न्यूटन मीटर इतका पीळ. उजव्याने 16.9 दाखवलं. डाव्याने 16.1. पुन्हा टांगलं, पुन्हा 16.1. जवळपास पाच टक्के काटा मारत होतं! फोटो पाठवल्यावर सर्व्हिसवाल्यांच्या टेबलावरचा माणूस एकदम नरमला आणि "सर" वरून "सर, सॉरी" वर आला.

नवीन डाव्याला तेच वजन टांगलं, 16.9 आलं. मला वाटलं, आता 50/50. कसलं काय! सपाटीवर 47, चढावर 48. म्हणजे पेडल खोटं बोलत होतंच, आणि त्याच्याआड माझा डावा पायही थोडा कामचुकारपणा करत होता. फिजिओचं म्हणणं, दुखत नसेल तर एवढ्या फरकासाठी पायाला त्रास देऊ नकोस. ते पटलं, आता त्या आकड्याकडे फार बघत नाही. स्क्रीनवरून काढलाय मात्र नाही.

पैशाचा प्रश्न राहतोच. फक्त डाव्या बाजूचं मीटर बरंच स्वस्त पडतं. पण ते डाव्याचे वॉट दुप्पट करून सांगतं. माझ्या 47 च्या पायावर खरे 200 वॉट त्याला 188 दिसले असते. स्वतःचीच स्वतःशी तुलना करायची तर चालून जातं, पण जोर वाढला की माझा तोल बदलतो, म्हणजे ती चूकही दर वेळी सारखी राहत नाही. शिवाय डावं बिघडलं असतं तर ताडून बघायला उजवं कुठून आणलं असतं? तेव्हा दोन्ही बाजूंचं घेतल्याचा पश्चात्ताप नाही. रामटेकला जाऊन-येऊन भजी खाण्यापुरती सायकल चालवणाऱ्याने मात्र दोन्हींच्या भानगडीत पडू नये, हार्ट रेट पट्टा पुरे.

पाचपैकी साडेतीन. उरलेल्यातला अर्धा द्यायची तयारी आहे, पण डावं पेडल पाठवायचा कुरिअर खर्च त्यांनी माझ्याच माथी मारलाय. पावती जपून ठेवलीय, मेल चालू आहेत.