एक वर्षाचं मास्टर्स : ब्रिटन की आयर्लंड?

दोन्हीकडे शिक्षण इंग्रजीत आणि मास्टर्स साधारण बारा महिन्यांत, म्हणून घरोघरी तुलना फीवरच येऊन थांबते. फी तर विद्यापीठागणिक बदलते. देशादेशांतला खरा फरक आहे तो पैसे दाखवण्याच्या नियमांत आणि पदवीनंतर हाताशी उरणाऱ्या महिन्यांत.

ब्रिटनच्या व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च खात्यात लागतो. लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड, बाहेर १,१७१. म्हणजे लीड्सला जाणाऱ्यानं उरलेल्या फीशिवाय १०,५३९ पौंड दाखवायचे. ही रक्कम सलग २८ दिवस हवी आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत पडायला हवा. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. विनिमय दर अर्जाच्या दिवशीचा धरतात, त्यामुळे काठोकाठ रक्कम ठेवणारे हमखास अडकतात. चार-पाच टक्के वर ठेवाच.

खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. काकांच्या नावावरचे पैसे, मग ते कितीही असोत, धरत नाहीत. शेअर्सही नाहीत. वडिलांचं खातं असेल तर जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडायचं. शैक्षणिक कर्जाला २८ दिवसांची अट नाही, पण मंजुरीपत्र सहा महिन्यांच्या आतलं लागतं.

आयर्लंडला वर्षाचे १०,००० युरो दाखवायचे आणि फीपैकी किमान ६,००० युरो आधी भरायचे. इथे काका खर्च करणार असतील तरी चालतं. नातं आणि त्यांचं उत्पन्न कागदावर सिद्ध करावं लागतं. मात्र स्टेटमेंट सहा महिन्यांचं बघतात. जमीन विकून अर्जाच्या तोंडावर मोठी रक्कम जमा झाली असेल, तर खरेदीखताची प्रत इंग्रजी भाषांतरासह जोडा. खुलासा नसलेली रक्कम फाइल बुडवते.

आरोग्यासाठी ब्रिटन अर्जाबरोबरच साधारण १,१६४ पौंड अधिभार घेतं. आयर्लंडमध्ये खासगी विमा आणि तिथे पोचल्यावर नोंदणीचे ३०० युरो.

नोकरीच्या तासांचा फरक फार जणांना उशिरा कळतो. दोन्हीकडे सत्रात आठवड्याला २० तासच. पण ब्रिटनमध्ये मास्टर्सचा उन्हाळा म्हणजे प्रबंधाचा काळ, तो सत्रातच मोडतो. जूनमध्ये पूर्णवेळ काम धरलं तर व्हिसाचा भंग. आयर्लंडमध्ये जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी ४० तास चालतात. २०२६च्या १४.१५ युरो किमान वेतनानं जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत वरच्या २० तासांचे सुमारे ४,८०० युरो होतात, अर्थात प्रबंध सांभाळता आला तर!

पदवीनंतर ब्रिटनमध्ये थांबून काम करायला दोन वर्षं मिळत. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना अठरा महिनेच. सप्टेंबर २०२६ला जाणारा त्यातच बसतो, आणि त्या काळाचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड वेगळा. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर २४ महिने, दोन टप्प्यांत. तिथल्या क्रिटिकल स्किल्स यादीतली (म्हणजे माणसांची टंचाई असलेल्या कुशल कामांतली) नोकरी लागली, तर २१ महिन्यांनी मालकावर अवलंबून नसलेला परवाना मागता येतो. सॉफ्टवेअर, फार्मा, इंजिनिअरिंगवाल्यांनी म्हणूनच आयर्लंड आधी बघावं, असं आमचं मत. इतर विषयांना ब्रिटनमध्ये कोर्स कितीतरी अधिक आहेत. नवराबायकोनं एकत्र जाण्याचा विचार मात्र सोडा: जानेवारी २०२४पासून ब्रिटन संशोधनाच्या नव्हे, तर वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (टॉट) मास्टर्सला जोडीदाराचा व्हिसा देत नाही.

डब्लिनमध्ये खोली मिळणं हे स्वतंत्र काम आहे. कॉर्क, लिमरिक, गॉलवेचे कोर्सही तपासा. ऑफर जुलैत हाती आली तर ब्रिटन जमून जातं, निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो; फक्त क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच आधी उरकून घ्या. आयर्लंडच्या फाइलला आठ आठवडे धरावेत, म्हणजे कागद जूनमध्येच पोचायला हवेत.