छोटे ड्रिल आणि पिन व्हाइस : आठ महिन्यांच्या वापरानंतरही तक्रार कोलेटचीच

गेल्या आठवड्यात बाहुलीघराच्या दिवाणखान्याच्या छतात दिव्याची तार ओवण्यासाठी १ मिमीचे भोक पाडत असताना कार्बाइड या कठीण पदार्थाचे बिट, म्हणजे ड्रिलचे भोक पाडणारे पाते, आतच मोडले, आणि त्याचा तुकडा तीनदा घासून रंगवलेल्या त्या छतात असा रुतला की तो काढण्यासाठी भोवतालचे लाकूड मला कोरावे लागले. आठ महिन्यांत मोडलेले हे अकरावे बिट आहे. बिट का मोडले हे मात्र मला त्याच क्षणी कळले, कारण हा धडा मी पाचव्या महिन्यात एकदा शिकले होते आणि कामाच्या घाईत त्याकडे दुर्लक्ष केले होते.

माझ्याकडचे ड्रिल म्हणजे १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालणारे, पेनासारखे धरता येणारे, पितळी कोलेटांचा (बिट पकडून धरणाऱ्या नळ्यांचा) संच सोबत येणारे नेहमीचे स्वस्त यंत्र आहे. त्याच्याबरोबर एक पिन व्हाइसही, म्हणजे बिट धरून हाताने फिरवायची छोटी मूठ, मी घेतला होता. काम १:१२ मापाच्या (खऱ्याच्या बाराव्या हिश्शाच्या) दुमजली घराचे असून त्यात बासवुड हे मऊ लाकूड, ३ मिमी जाडीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा) आणि खिडक्यांसाठी अॅक्रिलिक इतकेच साहित्य आहे.

पहिले दोन महिने माझी समजूत अशी होती की या ड्रिलची मोटार दुबळी आहे, आणि तसे मी एक-दोघांना सांगितलेही. ते चुकीचे होते. मऊ लाकडात एक-दोन मिलिमीटरचे भोक पाडायला जोर फारसा लागत नाही. उलट अॅक्रिलिकमध्ये या यंत्राचा वेगच नडतो, कारण घर्षणाने ते वितळते, वितळलेला थर बिटाच्या पन्हळीत चिकटतो आणि थंड होताच बिट जागच्या जागी अडकून बसते. वेग सर्वांत कमी ठेवून बिट दर दोन-तीन सेकंदांनी बाहेर काढले की हा त्रास जवळजवळ संपतो.

खरा दोष कोलेटमध्ये आहे, आणि तो मला दारांनी दाखवला. १:१२ च्या दारांना मी बिजागरीऐवजी वर आणि खाली पितळी तारेची खीळ बसवते. तार ०.८ मिमीची, बिटही ०.८ मिमीचे, म्हणजे खीळ भोकात घट्ट बसायला हवी होती. प्रत्यक्षात त्या भोकातून १ मिमीची तार सहज आरपार गेली. बिटाचा अक्ष फिरण्याच्या अक्षापासून ०.१ मिमी जरी बाजूला असला, तरी बिट गोल गोल डोलत जाते आणि भोक ०.२ मिमीने मोठे होऊ शकते. ०.२ मिमी ऐकायला क्षुल्लक वाटते, पण १२ ने गुणले की ते २.४ मिमी होते, आणि खऱ्या घरात दार आणि चौकट यांच्यामध्ये साधारण ३ मिमीच फट ठेवतात. माझी सहाच्या सहा दारे चौकटीला घासत होती ती यामुळेच.

डोलण्याचे कारण साधे आहे. कोलेट धरणारा पितळी तुकडा मोटारीच्या दांड्यावर सरकवून बाजूच्या ग्रब स्क्रूने (डोके नसलेल्या छोट्या स्क्रूने) आवळलेला असतो. तुकड्याचे भोक दांड्यापेक्षा किंचित मोठे असल्यामुळे स्क्रू आवळताच तो एका बाजूला ओढला जातो. हे तपासायला महागडे मापनयंत्र नको. बिटाच्या ऐवजी कोलेटमध्ये एक सरळ दांडी धरावी, सुईचे टोक तिच्या अगदी जवळ टेकवून ठेवावे आणि कोलेट हाताने सावकाश फिरवावे, म्हणजे फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते.

मी विक्रेत्याकडे हा भाग बदलून मागितला. उत्तर आले, “मॅडम, कोलेट हा झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही.” जो भाग पहिल्या दिवसापासून तिरका आहे तो झिजला असे कसे म्हणता येईल, हा माझा प्रश्न होता, आणि तो मला छायाचित्रांसह चार वेळा विचारावा लागला. सतरा दिवसांनी नवा पितळी तुकडा आला. तोही डोलत होता, फक्त दुसऱ्या दिशेने. या सतरा दिवसांचा राग अजून गेलेला नाही, कारण त्या काळात घराचे काम पूर्ण थांबले होते.

शेवटी उपाय स्वयंपाकघरात सापडला. घरगुती अॅल्युमिनियम फॉइलची जाडी सुमारे ०.०१६ मिमी असते. तिची अरुंद पट्टी ग्रब स्क्रूच्या विरुद्ध बाजूला, दांडा आणि पितळी तुकडा यांच्यामध्ये सरकवली, स्क्रू आवळला आणि सुईने पुन्हा तपासले. एका पदराने सुधारणा दिसली, तीन पदरांवर डोलणे नजरेला जाणवेनासे झाले. त्यानंतर पाडलेल्या भोकांत खिळी घट्ट बसल्या आणि मी सहाही दारे नव्याने बसवली. स्वस्त यंत्राबद्दलचे माझे मत त्या संध्याकाळी बदलले, आणि आनंद इतका झाला की मी गरज नसतानाही टाकाऊ लाकडात भोके पाडत बसले.

बिटांच्या बाबतीतही मला मत बदलावे लागले. कार्बाइड अतिशय कठीण असते, पण वाकणे त्याला सहन होत नाही. ही बारीक बिटे मुळात सर्किट बोर्डांसाठी, घट्ट बसवलेल्या यंत्रांसाठी बनवलेली आहेत. हात जरासा कलला किंवा कोलेट डोलले की ती तुटतात. मोडलेल्या अकरांपैकी नऊ कार्बाइडची होती, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण पाकीट वाया गेले, आणि ते मला अजून खटकते. एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) बिटे थोडी वाकतात पण टिकतात, आणि लाकडाला त्यांची धार पुरते. मात्र ती कोलेटबाहेर शक्य तितकी कमी काढावीत.

पिन व्हाइस सुरुवातीला मी खोक्यातच ठेवला होता. आता हातात सर्वाधिक तोच असतो. त्याची फिरती टोपी तळहातात टेकवून दोन बोटांनी फिरवले की लाकूड कुठे मऊ आहे आणि कुठे त्याची रेषा आडवी आहे हे बोटांना कळते, आणि बिट अडले तर ते मोडण्याआधी हात थांबतो. टोच्याने आधी खूण करून घेतली की बिट सरकत नाही. खिळींची भोके, दारांच्या मुठी, चित्रांच्या चौकटी टांगायचे आकडे यांसाठी मी विजेचे ड्रिल वापरणे बंद केले आहे.

तरी जिन्याच्या कठड्याला ड्रिलच लागले. खऱ्या कठड्यात दांडे साधारण १०० मिमी अंतरावर धरले, तर या मापात ते ८.३ मिमीवर येतात. दोन मजल्यांचा जिना आणि वरची गॅलरी मिळून ६४ दांडे, आणि वर-खाली धरून १२८ भोके. पिन व्हाइसने वीस भोकांनंतर बोटे आखडली, तर ड्रिलने मोटार गार करण्यासाठी मध्ये थांबत सगळे एका दुपारी झाले.

फॉइल मात्र दोन-अडीच महिन्यांत दबते आणि स्क्रू सैल होतो. छतातले बिट मोडले ते याचमुळे. मी सुईने तपासायचे राहून गेले होते. आता ड्रिलच्या खोक्यात झाकणाच्या आतल्या बाजूला सुई चिकटवून ठेवली आहे, फॉइलची पट्टी काल तिसऱ्यांदा बसवली, आणि छतातल्या खड्ड्यावर दिव्याभोवतीची नक्षीदार चकती येणार असल्यामुळे तो दिसणार नाही.