फॉर्मवरचं ‘नाही’ कोणी लिहिलं?

विम्याच्या फॉर्मवर आजार लपवण्याचा प्रकार खान्देशात बहुधा घरात पैसा आला की होतो. अमळनेरकडे कापूस विकला गेला, रावेर-यावलला केळीची पट्टी मिळाली, भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्याची ग्रॅच्युइटी खात्यावर पडली, की ओळखीतलाच आयुर्विम्याचा एजंट चहाला येतो. नाना साठीचे. शुगर आठ वर्षांपासून, बीपीची गोळी रोज सकाळी. एजंट सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, “सही करी द्या नाना, बाकीनं मी देखी लिसू.” वर पहिल्या हप्त्यातले काही पैसे परत द्यायचंही कबूल करतो. विमा कायद्याच्या कलम 41 नुसार ही सूट देणंही गुन्हा आणि घेणंही, हे तो सांगत नाही.

‘बाकीनं’ म्हणजे प्रस्ताव फॉर्ममधलं आरोग्याचं पान. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, रोज औषध घेता का, गेल्या पाच वर्षांत दवाखान्यात दाखल होता का? सगळीकडे ‘नाही’. आता तर कागदही लागत नाही. फॉर्म एजंटाच्या टॅबवर भरला जातो, मोबाइलवर ओटीपी येतो आणि मुलगा तो वाचून दाखवतो. ओटीपी सांगणं म्हणजेच सही. नंतर कंपनीचा पडताळणीचा फोन येतो, त्यालाही ‘नाही, नाही’ म्हणायचं आधीच पढवलेलं असतं. तो फोन रेकॉर्ड होतो.

एजंट असं का करतो? आजार लिहिला की फाइल अंडररायटरकडे, म्हणजे धोका तपासून हप्ता ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडे, थांबते. ईसीजी, एचबीए1सी, लघवी, किडनीच्या तपासण्या मागवल्या जातात. मग हप्ता वाढवून मागतात, विमा रक्कम किंवा मुदत कमी करतात, काही महिन्यांनी या म्हणतात, नाहीतर सरळ नकार देतात. वाढीव हप्ता ऐकून नाना मागे फिरले तर कमिशन बुडालं, आणि पहिल्या वर्षाचं कमिशनच सगळ्यात जाड असतं. म्हणजे तुमची शुगर लपवण्यात फायदा त्याचा. आटोक्यातल्या शुगरला नकारच मिळतो असं मुळीच नाही, बऱ्याचदा थोडा जास्त हप्ता घेऊन पॉलिसी मिळते. आणि तपासणीआधी दोन दिवस गोड बंद करून काही होत नाही. उपाशीपोटीची शुगर खाली दिसेल, पण एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो.

खरा फटका बसतो तो दाव्याच्या वेळी. पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत मृत्यू झाला की कंपनी तपासनीस पाठवते. तो दवाखाने, लॅब, मेडिकल स्टोअर फिरतो. रेल्वेच्या पेन्शनराची तर दरमहाची औषधं रेल्वेच्या दवाखान्यात नोंदलेली असतात. बहुतेक वेळा एवढीही पायपीट लागत नाही, डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ पुरते: ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन, 8 वर्षे’. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाबाचा जुना रुग्ण. ही ओळ डॉक्टरने घरच्यांनीच घाईत सांगितलेल्या माहितीवरून लिहिलेली असते.

विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षं उलटल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पण बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की ही तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजतात. तीन वर्षांच्या आत नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं. त्या पत्रातला शब्द नीट बघा. ‘चुकीची माहिती’ असेल तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत द्यावे लागतात. ‘लबाडी’ लिहिलं असेल तर हप्तेही अडकतात, आणि विमाधारक हयात नसल्याने लबाडी नव्हती हे वारसांनाच दाखवावं लागतं.

“एजंटानेच भरलं, आम्ही कोऱ्या फॉर्मवर सही केली” एवढ्यावर भागत नाही. सही करणाऱ्यावर जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं आहे. मात्र याच कलम 45 च्या स्पष्टीकरणात, पॉलिसी जमवून देणारा माणूस करार होताना कंपनीचाच प्रतिनिधी धरला आहे. त्याला आजार माहीत होता याचा पुरावा असेल तर बाजू बदलू शकते. त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेला शुगरचा रिपोर्ट पुसू नका.

नाना हयात असतील तर आजच पॉलिसीची कागदपत्रं बाहेर काढा आणि सोबत जोडलेली फॉर्मची प्रत वाचा. पॉलिसी मिळून 30 दिवस झाले नसतील तर ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापून बाकी परत मिळतात. 30 दिवस उलटले असतील तर आजार किती वर्षांचा, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे शाखेला स्पीड पोस्टाने कळवा आणि पोचपावती जपा. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसी रद्दही होईल. पण ते नाना असताना होईल, हे बरं.

दावा नाकारला गेलाच असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे. नकारापासून एक वर्षाची मुदत आहे, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. फी नाही, वकीलही लागत नाही. नकाराचं पत्र, फॉर्मची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि एजंटाशी झालेले मेसेज तारखेसकट छापून सोबत जोडा.