रेडिएशनचे डॉक्टर निवडताना मशीनच्या आधी त्यांचं शिक्षण बघा (आईच्या ट्रीटमेंटनंतरचा अनुभव)

आईचं रेडिएशन संपून बरेच महिने झाले, फॉलोअप नीट चालू आहेत म्हणून आता लिहितेय. डाव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन आणि केमो ठाण्यात, पण आम्ही ऐरोलीला राहतो आणि रेडिएशनला शनिवार-रविवार सोडून रोज जावं लागतं म्हणून ते नवी मुंबईत घेतलं.

जो तो मशीन कुठलं, नवीन आहे का एवढंच विचारतो. मला विचाराल तर आधी डॉक्टर काय नि कुठे शिकलेत ते बघा. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं एमडी किंवा डीएनबी (एमडीच्या तोडीचीच स्पेशालिस्टची डिग्री). पाटीवर रेडिओथेरपी असो की रेडिएशन ऑन्कोलॉजी, विषय तोच. एमडी रेडिओडायग्नोसिस मात्र वेगळे, ते सीटी-एमआरआय वाचून रिपोर्ट देतात, आमच्याकडे नातेवाईकांनी त्यांचीच नावं सुचवली होती!

आमच्या मॅडमनी एमडीनंतर काही वर्षं मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात मुख्यतः ब्रेस्टचेच पेशंट बघितलेत. मी पहिल्याच भेटीत हे सरळ विचारलं, त्यांनी न चिडता सांगितलं.

आणि तो अनुभव पदोपदी दिसला. आईच्या मैत्रिणीला पूर्वी 25 फ्रॅक्शन (रोजची एक सिटिंग म्हणजे एक फ्रॅक्शन), म्हणजे पाच आठवडे दिलेले, त्यामुळे मॅडम 15 म्हणाल्या तेव्हा आई घाबरली की कमी पडेल की काय, तर त्यांनी कागदावर मांडून दाखवलं की 25 मध्ये 50 ग्रे (हे रेडिएशनच्या डोसचं माप) आणि 15 मध्ये 40 ग्रे, रोजचा डोस थोडा जास्त असतो, आणि ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायल्समध्ये पेशंटना दहा वर्षं फॉलो करून हे तपासलंय. दुसरं म्हणजे हृदय. डावी बाजू असल्याने खोल श्वास घेऊन रोखायचा, म्हणजे छाती फुगते आणि हृदय किरणांपासून लांब जातं. आईने घरी रोज प्रॅक्टिस केली, आधी खोकला यायचा, मग जमलं.

प्लॅनिंग सीटीनंतर (रेडिएशन कुठे द्यायचं ते आखण्यासाठी काढलेला स्कॅन) लगेच रेडिएशन सुरू करत नाहीत, तेव्हा उगाच चिडू नका. मॅडम स्वतः सीटीच्या एकेक स्लाइसवर कुठे डोस द्यायचा आणि हृदय, फुप्फुस कुठे वाचवायचं ते आखत होत्या, मग मेडिकल फिजिसिस्ट डोसचं गणित करतात. तेही एमएस्सी फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्स शिकून येतात, बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) तो डिप्लोमा इथे अणुशक्तीनगरलाच होतो. म्हणून फिजिसिस्ट पूर्णवेळ आहेत का हेही विचाराच.

ओपीडीत वेटिंग खूप, आणि मॅडम आठवड्यातून एकदाच भेटायच्या, रोज मशीन चालवणारे टेक्नॉलॉजिस्टच. पण त्वचा शेवटच्या फ्रॅक्शननंतर आठवडा-दोन आठवडे जास्त लाल होईल हे त्यांनी आधीच सांगितलेलं, तसंच झालं, त्यामुळे आम्ही घाबरलो नाही. खांद्याचे व्यायाम आई अजून करते, हात पूर्ण वर जातो.

डिग्री खात्रीने बघायची असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून बघा, पहिल्या अपॉइंटमेंटच्या आधीच.